खेळाडू मैदानाबाहेर हात उचलतो, तेव्हा प्रशिक्षकाची जबाबदारी किती?

 

आजचा विषय अमेरिकेतला आहे. फौजेतून निवृत्त झालेला माणूस अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलवर कशाला बोलतो, असं तुम्हाला वाटेल. त्याचं कारण आधी सांगतो. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या नातीला अमेरिकेतल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. पत्रासोबत आलेल्या माहितीपुस्तिकेत ग्रंथालयाचं एक चित्र होतं आणि फुटबॉलच्या स्टेडियमची चार. सहकारी मला म्हणाला, "अरे, ही मुलगी शिकायला चालली आहे की मॅच बघायला?" मी त्या निमित्तानं वाचायला बसलो आणि वाचता वाचता माझ्याच नोकरीतलं एक जुनं प्रकरण समोर येऊन उभं राहिलं. तेही आज सांगणार आहे, पण शेवटी.

हा खेळ आणि त्याचा पसारा

पहिली गोष्ट. तो फुटबॉल म्हणजे आपला गोव्याचा किंवा कोल्हापूरचा फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू, डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर पॅड आणि एकमेकांवर पूर्ण ताकदीनिशी आदळणारे शंभर-दीडशे किलोचे तरुण. हा खेळ तिथे विद्यापीठांच्या नावानं खेळला जातो. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची क्षमता 1 लाख 7 हजारांच्या वर आहे. आपल्या वानखेडेवर साधारण 33 हजार माणसं बसतात, म्हणजे तीन वानखेडे भरून उरतील. नेब्रास्का विद्यापीठाच्या स्टेडियमची तर ख्याती अशी की 1962 पासून घरच्या प्रत्येक सामन्याची तिकिटं संपतात.

जिथे एवढे प्रेक्षक, तिथे पैसाही आलाच. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी कर्मचारी राज्यपाल नसतो, विद्यापीठाचा कुलगुरूही नसतो. तो सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक असतो. अलाबामाचे निक सेबन वर्षाला एक कोटी डॉलरच्या वर घेत होते. खेळाडूंना मात्र अनेक दशकं शिष्यवृत्तीपलीकडे अधिकृतपणे काही मिळत नव्हतं. 2021 पासून त्यांना स्वतःच्या नावाच्या जाहिरातींतून कमावता येऊ लागलं आणि 2025 पासून विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ लागली.

आता या प्रशिक्षकाचा खेळाडूवर ताबा किती असतो ते बघा. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या घरी जाऊन, आईसमोर बसून, "तुमचा मुलगा मी सांभाळीन" असा शब्द तो देतो. मग मुलगा कधी उठतो, काय खातो, किती वजन उचलतो, कुठल्या विषयात मागे आहे, सगळं त्याच्या माणसांना ठाऊक असतं. 2012 पर्यंत शिष्यवृत्ती एकेका वर्षाची असे, पुढच्या वर्षी ती चालू ठेवायची की नाही हेही बरंचसं प्रशिक्षकाच्या हातात. माझ्या डोळ्यांपुढे लगेच पलटण उभी राहिली. जवानाचं खाणं, झोपणं, रजा, बढती यांवर कमांडिंग ऑफिसरचा जेवढा अधिकार, जवळजवळ तेवढाच हा. म्हणून माझा पहिला प्रश्न साधा आहे. एवढा अधिकार घेतो, तो जबाबदारी किती घेतो?

नेब्रास्का, 1995

टॉम ऑसबर्न हे नाव नेब्रास्कात आदरानं घेतलं जातं. 1973 ते 1997 अशी पंचवीस वर्षं ते तिथले मुख्य प्रशिक्षक होते. 255 सामने जिंकले, नंतर अमेरिकेच्या संसदेतही निवडून गेले. शांत, धार्मिक, आरडाओरडा न करणारा माणूस. शाळकरी मुलांना मोठ्या माणसांचा आधार मिळावा म्हणून 1991 मध्ये त्यांनी पत्नीसोबत एक उपक्रम सुरू केला. हे मुद्दाम सांगतो, कारण या गोष्टीत ते खलनायक नाहीत आणि खरी अडचण तिथेच आहे.

त्यांच्या संघात लॉरेन्स फिलिप्स नावाचा धावपटू होता. 1994 च्या हंगामात त्यानं चेंडू घेऊन 1,722 यार्ड धाव काढली. मुलगा कॅलिफोर्नियातला. घर असं उरलंच नव्हतं, अनाथ किंवा निराधार मुलांना ठेवतात तशा वसतिगृहात तो वाढला. सप्टेंबर 1995 मध्ये एका रात्री तो एका संघसहकाऱ्याच्या घरात शिरला. तिथे त्याची पूर्वीची मैत्रीण होती, तीही त्याच विद्यापीठाची विद्यार्थिनी. तिला मारहाण करून, केस धरून त्यानं जिन्यावरून खाली ओढत नेलं. आदल्याच दिवशी त्यानं सामना गाजवला होता.

ऑसबर्न यांनी आधी त्याला संघातून काढल्याचं सांगितलं. मग विचार बदलला आणि काढण्याऐवजी निलंबित केलं. न्यायालयात फिलिप्सनं आरोप लढवले नाहीत, त्याला देखरेखीखाली मोकळं ठेवण्यात आलं. सहा सामने बाहेर बसून तो परत मैदानात आला. 2 जानेवारी 1996 ला राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात नेब्रास्कानं फ्लोरिडाला 62-24 असं हरवलं. त्या रात्री फिलिप्सनं 165 यार्ड धाव घेतली आणि तीनदा गुण मिळवून दिले. तीन-चार महिन्यांत सेंट लुईसच्या व्यावसायिक संघानं त्याला देशभरातून सहाव्या क्रमांकावर उचललं.

ऑसबर्न यांची बाजू ऐकायला हवी. त्यांचं म्हणणं होतं की या मुलाच्या आयुष्यात फुटबॉल हीच एक शिस्त आहे, ती काढून घेतली तर तो पूर्णच वाहवत जाईल. त्यामुळे उपचार, समुपदेशन, अटी हे सगळं लावून त्यांनी त्याला जवळ ठेवलं. टीकाकार म्हणाले, हे सगळं जिंकण्यासाठी. पण एक वस्तुस्थिती त्या टीकेत बसत नाही. फिलिप्स नसतानाचे सगळे सामने नेब्रास्कानं जिंकलेच होते. म्हणजे जिंकण्यासाठी त्याची तेवढी गरज नव्हती. मला वाटतं, ऑसबर्न जे बोलले ते मनापासून बोलले.

मग चुकलं कुठे? माझ्या मते दोन ठिकाणी. पहिली गोष्ट, मुलाला सांभाळणं आणि मुलाला खेळवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याची शिष्यवृत्ती, खोली, डॉक्टर, सरावाची वेळ हे सगळं चालू ठेवून त्याला वर्षभर सामन्याबाहेर ठेवता आलं असतं. आधार त्याला शिस्तीचा हवा होता, लाखभर लोकांच्या टाळ्यांचा नव्हे. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. या सगळ्या हिशेबात ती मुलगी कुठे होती? तीही त्याच विद्यापीठात शिकत होती, त्याच आवारातून तिला रोज जायचं होतं. तिचं भलं कशात, हा प्रश्न विचारायचं काम फुटबॉलच्या प्रशिक्षकाचं नव्हतंच. पण निर्णय मात्र त्याच्याच हातात होता.

फिलिप्सचं पुढे काय झालं? व्यावसायिक संघ एकामागून एक त्याला सोडत गेले. 2005 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये खेळावरून भांडण झालं आणि त्यानं काही मुलांच्या अंगावर मोटार घातली. त्या गुन्ह्यासाठी आणि आणखी एका मैत्रिणीचा गळा आवळल्याबद्दल मिळून तीस वर्षांहून अधिक शिक्षा झाली. 2015 मध्ये तुरुंगात त्याच्या कोठडीतला सोबती मृतावस्थेत सापडला आणि त्याच्यावर खुनाचा आरोप ठेवला गेला. खटला चालण्याआधीच, जानेवारी 2016 मध्ये, त्यानं कोठडीत आत्महत्या केली. वय 40. त्याला वाचवण्यासाठी घेतलेल्या त्या निर्णयानं तोही वाचला नाही.

बेलर, 2016

नेब्रास्कात निदान जे झालं ते उघड झालं. टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठात वेगळंच घडलं. हे बाप्टिस्ट पंथाचं जुनं विद्यापीठ. फुटबॉलमध्ये अनेक वर्षं मार खाणारं. 2008 मध्ये आर्ट ब्राइल्स प्रशिक्षक म्हणून आले आणि काही वर्षांत चित्र पालटलं. 2013 आणि 2014 अशी सलग दोन वर्षं त्यांच्या विभागाचं विजेतेपद, 2014 मध्ये नदीकाठी नवंकोरं स्टेडियम. गावाला पंख फुटले.

त्याच काळात विद्यार्थिनींच्या तक्रारी येत होत्या. जानेवारी 2014 मध्ये संघातल्या एका माजी खेळाडूला बलात्काराबद्दल 20 वर्षांची शिक्षा झाली. आणखी खटले उभे राहिले तेव्हा विद्यापीठानं बाहेरच्या वकिलांच्या संस्थेकडून चौकशी करवली. मे 2016 मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. फौजेतल्या माणसानं वाचावेत असे ते आहेत. फुटबॉल विभागानं स्वतःची वेगळी शिस्तव्यवस्था चालवली होती. खेळाडूची तक्रार आली की ती विद्यापीठाच्या ठरलेल्या यंत्रणेकडे न जाता विभागातच जिरायची. काही प्रसंगी क्रीडा विभागातल्या लोकांनी तक्रारदार मुलीशी किंवा तिच्या घरच्यांशी थेट बोलणं केलं आणि पुढे कळवलंच नाही. विद्यापीठाचे वरिष्ठही निर्दोष नव्हते, त्यांनी कायद्यानं बंधनकारक असलेली यंत्रणा नीट उभीच केली नव्हती. ब्राइल्स यांना जावं लागलं. विद्यापीठाचे अध्यक्ष केन स्टार, होय, क्लिंटन यांची चौकशी करणारे तेच, त्यांनाही पद सोडावं लागलं. क्रीडा संचालकही गेले.

आता पुढचा भाग ऐका. कॉलेज क्रीडा चालवणारी राष्ट्रीय संघटना, तिला एनसीएए म्हणतात, तिनंही चौकशी केली. ही संघटना इतकी काटेकोर की खेळाडूला नियमाबाहेर जेवण दिलं तरी पूर्वी दंड व्हायचा. 2021 मध्ये तिनं निकाल दिला. त्याचा मथितार्थ असा, की घडलं ते अत्यंत वाईट, पण लैंगिक अत्याचाराची तक्रार न कळवणं हा आमच्या नियमपुस्तकातला भंग ठरत नाही. त्यात असंही नोंदवलं की बेलरमध्ये सामान्य विद्यार्थ्यांच्या तक्रारींचीही अशीच हेळसांड होत होती, म्हणून खेळाडूंना खास सवलत दिली असं म्हणता येत नाही. सगळ्यांच्याच बाबतीत यंत्रणा निकामी होती, म्हणून फुटबॉल सुटला! नियमपुस्तकात जेवणाची नोंद होती, मुलीची नव्हती.

डोळ्यांनी बघितल्याशिवाय

2014 च्या उन्हाळ्यात ओक्लाहोमा विद्यापीठाच्या जो मिक्सन या नव्या खेळाडूनं एका उपाहारगृहात एका तरुणीच्या तोंडावर ठोसा मारला. तिच्या चेहऱ्याची हाडं मोडली. प्रशिक्षक बॉब स्टूप्स यांनी त्याला एक हंगाम बाहेर ठेवलं, मग परत घेतलं. घटनेची चित्रफीत होती, पण लोकांपुढे नव्हती. डिसेंबर 2016 मध्ये ती जाहीर झाली आणि देशभर संताप उसळला. तेव्हा स्टूप्स यांनी कबूल केलं की आज असं घडलं तर त्या खेळाडूला थेट काढलं जाईल. मला विचारावंसं वाटतं, त्या अडीच वर्षांत काय बदललं? ठोसा तोच होता, मोडलेली हाडं तीच होती. बदलली ती फक्त बघणाऱ्यांची संख्या.

याच्या उलट उदाहरणही आहे. जून 2013 मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या वसतिगृहात एका मोडलेल्या दाराची चौकशी चालू होती. त्यासाठी कॅमेऱ्याचं चित्रण बघताना कर्मचाऱ्यांना काही खेळाडू एका बेशुद्ध मुलीला उचलून नेताना दिसले. पुढे चार खेळाडूंवर बलात्काराचा खटला उभा राहिला आणि त्यांना संघातून काढण्यात आलं. काय झालं हे त्या मुलीला आठवतही नव्हतं. दाराच्या चौकशीसाठी बसलेल्या लोकांनी ते चित्रण पोलिसांपर्यंत जाऊ दिलं, म्हणून तिला न्याय मिळाला. त्यांची गाठ खेळाच्या निकालाशी बांधलेली नव्हती, हे लक्षात घ्या.

फौज काय शिकवते

आमच्याकडे एक तत्त्व पहिल्या दिवसापासून कानावर पडतं. तुझ्या जवानानं जे केलं आणि जे केलं नाही, दोन्हीला तू जबाबदार. "मला माहीत नव्हतं" हे उत्तर चालत नाही, कारण माहीत असणं हेच तुझं काम. गंमत अशी की जगाला हे तत्त्व ठणकावून सांगणाऱ्यांत अमेरिकाच पुढे होती. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी जनरल यामाशिता यांच्यावर अमेरिकी लष्करी आयोगानं मनिलात खटला चालवला. त्यांच्या सैनिकांनी फिलिपिन्समध्ये केलेल्या अत्याचारांना त्यांनी आवर घातला नाही, हा आरोप. त्यांना नेमकं किती ठाऊक होतं यावर आजही वाद आहे, पण 1946 मध्ये फाशी झाली. ज्या देशानं सेनापतीला असा हिशेब विचारला, त्याच देशात प्रशिक्षक म्हणतो की ते प्रकरण माझ्यापर्यंत आलंच नाही.

पण जबाबदारी म्हणजे न्यायनिवाडा करायचा अधिकार नव्हे, हेही फौजेनंच शिकवलं. आपल्या 1954 च्या आर्मी रूल्सप्रमाणे जनरल किंवा डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शलमध्ये आरोपीचा कमांडिंग ऑफिसर न्याय करायला बसू शकत नाही. ज्याचा त्या प्रकरणात वैयक्तिक स्वार्थ असेल तोही नाही. 1950 च्या आर्मी ॲक्टमध्ये कलम 70 आहे. जवानानं नागरिकाचा खून किंवा बलात्कार केला तर, सक्रिय सेवेसारखे काही अपवाद सोडता, कोर्ट मार्शल ते चालवतच नाही, प्रकरण नागरी न्यायालयात जातं. आमचीही व्यवस्था धुतल्या तांदळाची नाही. समरी कोर्ट मार्शलमध्ये कमांडिंग ऑफिसर स्वतःच न्याय देतो आणि त्यावर टीका होते, ती रास्तच आहे. पण तत्त्व स्पष्ट आहे. माणूस तुझा असेल तर त्याची जबाबदारी घे, पण त्याचा न्याय तू करू नकोस.

माझं प्रकरण

आता ते जुनं प्रकरण. मी तेव्हा मेजर होतो, कंपनी कमांडर. माझ्या कंपनीत एक नाईक होता, पलटणीचा सगळ्यात चांगला बॉक्सर. स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती. एका सकाळी शेजारच्या क्वार्टरमधली बाई त्याच्या बायकोला एमआय रूममध्ये घेऊन आली. मनगट मोडलेलं, डोळा सुजलेला. डॉक्टरांनी मला फोन केला. मी सुभेदार साहेबांना बोलावलं. ते म्हणाले, "साब, चँपियनशिप के बाद देख लेंगे." आणि मंडळी, मी ते मान्य केलं. वरिष्ठांनी सांगितलं म्हणून नव्हे. मला कुणी काहीही सांगितलेलं नव्हतं. ट्रॉफी मला हवी होती.

मी त्याला ऑफिसात उभा करून खडसावला. चांगला अर्धा तास. त्याच्या बायकोलाही बोलावून सांगितलं की आता काळजी करू नकोस, मी त्याला ताकीद दिली आहे. ती पदर धरून उभी होती. तिनं एवढंच विचारलं, "साहेब, आणि तो हरून आला तर?"

तो हरला नाही. रौप्यपदक घेऊन आला, आम्ही बडा खाना दिला. दोन महिन्यांनी ती पुन्हा इस्पितळात होती, या वेळी कानाचा पडदा फाटला होता. तेव्हा कारवाई झाली, त्याची पट्टी गेली. ती माहेरी गेली आणि परत आली नाही. पहिल्या वेळी मी कागदावर एक ओळही लिहिली नव्हती, त्यामुळे दुसऱ्या वेळी कागदोपत्री तो पहिलाच गुन्हा ठरला आणि शिक्षाही तेवढीच झाली. ऑसबर्न यांच्याबद्दल वाचताना मला त्यांचा राग येत नाही, तो याचमुळे. मी त्यांच्याइतकाही प्रामाणिक नव्हतो.

मग प्रशिक्षकानं करायचं काय?

थोडक्यात सांगतो.

एक, कळवणं. तक्रार कानावर आली की त्याच दिवशी ती लेखी स्वरूपात क्रीडा विभागाबाहेर गेली पाहिजे. खरी की खोटी हे ठरवायला प्रशिक्षकानं बसू नये. स्वतः मुलीला किंवा तिच्या आईवडिलांना भेटून "मिटवायला" तर अजिबात जाऊ नये.

दोन, निर्णय दुसऱ्याच्या हातात. चौकशी चालू असताना खेळाडू सामना खेळणार की नाही, हे अशा माणसानं ठरवावं ज्याचा पगार आणि बढती शनिवारच्या निकालावर अवलंबून नाही.

तीन, आधी बघणं. फिलिप्सच्या अंगात संताप आहे हे पहिल्या रात्री कळलं असं नव्हे. मुलगा संघात घेताना त्याची धाव मोजतात, उडी मोजतात, तळहातसुद्धा मोजतात. मग त्याच्या शाळेतल्या बाईंना एक फोन करायला काय हरकत आहे? एका ठिकाणाहून काढलेला खेळाडू दुसरीकडे गुपचूप दाखल होतो, हा तिथला जुना रोग. 2015 मध्ये दक्षिणेतल्या विद्यापीठांच्या एका मोठ्या गटानं, आणि 2017 मध्ये इंडियाना विद्यापीठानं, स्त्रियांवरील गंभीर हिंसाचाराचा पूर्वेतिहास असलेल्या खेळाडूंना दार बंद करणारे नियम केले. उशिरा का होईना, पण केले.

चार, मुलाला टाकून न देणं. हेही तितकंच महत्त्वाचं. या खेळाडूंमध्ये गरीब, कृष्णवर्णीय घरांतली मुलं मोठ्या संख्येनं आहेत आणि अमेरिकेत खोट्या आरोपांवरून कृष्णवर्णीय तरुणांचे बळी घेतल्याचा इतिहास फार काळा आहे. म्हणून आरोप झाला की लगेच फासावर, असं मी म्हणणार नाही. चौकशी निष्पक्ष हवी, वकील हवा, डॉक्टर हवा. डोक्यावर वर्षानुवर्षं बसणाऱ्या धक्क्यांनी मेंदूला इजा होते हेही आता सिद्ध झालं आहे. फ्लोरिडातून पुढे आलेला आरन हर्नांडेझ खुनाबद्दल जन्मठेप भोगत असताना 2017 मध्ये तुरुंगात मेला. त्याच्या मेंदूच्या तपासणीत अवघ्या 27 व्या वर्षी तसा गंभीर आजार दिसला. त्यामुळे खून माफ होत नाही. पण डोकी आपटायला लावून त्यावर पैसा कमावणाऱ्यांनी त्या डोक्यांची तपासणी करणं तरी नाकारू नये. आणि हो, बहुसंख्य खेळाडू कुणावर हात उचलत नाहीत. मोजक्यांना पाठीशी घालून आपण त्या बाकीच्यांचीच बदनामी करतो.

पालकांसाठी

माझ्या सहकाऱ्यानं शेवटी विचारलं, "नातीला पाठवू की नको?" मी म्हटलं, जरूर पाठव, पण एक काम कर. 1986 मध्ये अमेरिकेतल्या एका वसतिगृहात जीन क्लेरी नावाच्या विद्यार्थिनीचा खून झाला. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि 1990 मध्ये कायदा झाला. त्यानुसार केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाला आवारातल्या गुन्ह्यांचा अहवाल दरवर्षी 1 ऑक्टोबरपर्यंत प्रसिद्ध करावा लागतो. तो कुणालाही बघता येतो. नातीबरोबर बसून तो वाच. मात्र आकडा शून्य दिसला म्हणून निर्धास्त होऊ नकोस. कधी कधी शून्याचा अर्थ एवढाच असतो की तक्रार कुणी लिहून घेतली नाही. मुलीला विचारायला सांग, की काही घडलं तर मी कुणाकडे जायचं, आणि तो माणूस कुणाला उत्तर देतो?

आणि हा प्रश्न फक्त अमेरिकेचा समजू नका. आपल्याकडेही यूजीसीच्या 2015 च्या नियमांनुसार प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत अंतर्गत तक्रार समिती बंधनकारक आहे. तुमच्या मुलीच्या, मुलाच्या कॉलेजात ती आहे का, तिच्यावर कोण आहे, त्यांचे फोन क्रमांक भिंतीवर लावले आहेत का, हे या आठवड्यात विचारून घ्या. कॉलेजचा संघ जिंकत असेल तर आवर्जून विचारा.

त्या बाईच्या प्रश्नाला मी त्या दिवशी उत्तर दिलं नव्हतं. "जा, काही होणार नाही," असं म्हणून फाइल बंद केली होती. फाइल तरी कुठली, ती उघडलीच नव्हती. आज तीस-पस्तीस वर्षांनी उत्तर देतो. बाई, तो जिंकून आला असता काय नि हरून आला असता काय, त्या सकाळी मी तुझं म्हणणं लिहून घेऊन वर पाठवायला हवं होतं.

आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.